बॅटरी बदलण्याआधी डायोड तपासा

सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ आवाज येतो, इंजिन हलत नाही. बॅटरी दुकानात जाते, दुकानदार मीटर लावून ‘गेली’ म्हणतो, नवी बॅटरी बसते. महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा तोच ‘टक्’. स्कूटर असो, दुकानाबाहेरचा पेट्रोल जनरेटर असो, की शेतातला सेल्फस्टार्ट पॉवर वीडर, ही तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते. पहिली बॅटरी खरोखरच गेलेली असते. ती कशामुळे गेली, हे मात्र विचारायचं राहून जातं.

छोट्या इंजिनाच्या चार्जिंगमध्ये भाग मोजकेच असतात: चुंबक, कॉइल, डायोड, बहुतेक ठिकाणी रेग्युलेटर, आणि बॅटरी. यातला डायोड सगळ्यांत लहान आणि बहुधा सगळ्यांत स्वस्त. तो बिघडला की शिक्षा मात्र बॅटरीला होते. बिघाडाचे त्याचे प्रकारही थोडेच आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर आणि इंडिकेटरचा एक जुना बल्ब जवळ असेल, तर ही खूण घरच्या घरी ओळखता येते.

वीज तयार कुठे होते

छोट्या इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये चुंबक बसवलेले असतात. त्यांच्याजवळ, इंजिनाच्या बॉडीला स्क्रूनं आवळलेली, तांब्याच्या तारेची कॉइल असते. गॅरेजमध्ये तिला स्टेटर, मॅग्नेट कॉइल किंवा नुसतं ‘प्लेट’ म्हणतात. फ्लायव्हील फिरलं की चुंबकांचे उत्तर आणि दक्षिण ध्रुव आळीपाळीनं कॉइलवरून जातात, आणि प्रत्येक ध्रुवाबरोबर कॉइलमधल्या विजेची दिशा उलटते. म्हणजे कॉइलमधून निघते ती एसी वीज.

ती किती वेगानं दिशा बदलते, हे एका उदाहरणानं पाहू. आपल्याकडचे बरेचसे छोटे जनरेटर ५० हर्ट्झ वीज मिळावी म्हणून मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालतात, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. फ्लायव्हीलवर १२ ध्रुव असतील, तर त्यांच्या सहा जोड्या झाल्या. ५० गुणिले ६, म्हणजे सेकंदाला ३०० आवर्तनं. घरातल्या विजेच्या सहापट.

ही वीज बॅटरीला थेट जोडली तर? अर्ध्या आवर्तनात बॅटरीत वीज शिरेल आणि उरलेल्या अर्ध्यात ती कॉइलवाटे बाहेर पडेल. बॅटरी भरणार नाहीच, उलट कॉइल आणि बॅटरी दोन्ही तापतील. बॅटरीला एकाच दिशेनं वाहणारी डीसी वीज लागते. एसीची डीसी करण्याचं काम डायोडचं.

डायोड करतो काय

विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह डोळ्यांसमोर आणा. पंप ओढतो तेव्हा झडप उघडते आणि पाणी वर चढतं. पंप थांबला की झडप बसते आणि पाइपातलं पाणी विहिरीत परत जात नाही. डायोड हा विजेचा फूटव्हॉल्व्ह आहे. इंजिन चालू असताना तो कॉइलमधली वीज एकाच दिशेनं बॅटरीकडे जाऊ देतो. इंजिन बंद असताना बॅटरीतली वीज कॉइलमधून जमिनीकडे, म्हणजे बॉडीकडे, परत जाऊ देत नाही. पहिलं काम सगळ्यांना माहीत असतं. दुसऱ्याकडे फारसं कुणी पाहत नाही, आणि रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी उतरलेली सापडते त्याचं कारण पुष्कळदा तिथेच असतं.

आजचे डायोड सिलिकॉनचे असतात. झडप उघडायला जसा थोडा दाब लागतो, तसे सिलिकॉन डायोडला सुरुवातीलाच ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. तीन-चार अँपिअर वाहू लागले की हा खर्च ०.९ व्होल्टच्या आसपास जातो. त्यामुळे कॉइलचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा निदान एवढा जास्त असेल तेव्हाच चार्जिंग सुरू होतं. मंद आयडलिंगवर छोटी इंजिनं बॅटरी फारशी भरत नाहीत, त्याचं एक कारण हे आहे.

खर्ची पडलेला हा दाब उष्णता होऊन बाहेर पडतो. तीन अँपिअर गुणिले ०.९ व्होल्ट, म्हणजे सुमारे पावणेतीन वॉट. मटारच्या दाण्याएवढ्या वस्तूला ही उष्णता कमी नाही. म्हणून डायोडला हवा लागते आणि मोठ्या रेक्टिफायरला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात.

डायोडच्या अंगावर एका टोकाला पांढरी किंवा रुपेरी पट्टी असते. वीज बिनपट्टीच्या टोकातून शिरते आणि पट्टीच्या टोकातून बाहेर पडते. चार्जिंगच्या तारेत पट्टीचं टोक बॅटरीच्या प्लसकडे असायला हवं. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

एक डायोड, चार डायोड, सहा डायोड

सगळ्यांत साधी रचना एका डायोडची. कॉइलचं एक टोक इंजिनाच्या बॉडीला, म्हणजे अर्थला, जोडलेलं असतं. दुसऱ्या टोकाची तार एका डायोडमधून बॅटरीच्या प्लसला जाते. आवर्तनाचा एकच अर्धा भाग वापरला जातो, दुसरा अडवला जातो. याला अर्धतरंग किंवा हाफवेव्ह चार्जिंग म्हणतात. गवत कापायच्या यंत्रांवर आणि छोट्या सेल्फस्टार्ट इंजिनांवर हीच पद्धत फार दिसते. डायोड बहुतेक वेळा कॉइलच्या तारेवरच, प्लास्टिकच्या नळीखाली दडलेला असतो. वायरिंगमध्ये एखादी जाडसर गाठ दिसली, तर ती टेपचा जोड समजून कापू नका.

अशा यंत्रांवर पुष्कळदा रेग्युलेटर नसतो, तरी चार्जिंग बेसुमार वाढत नाही. फेरे वाढले की कॉइलचा दाब वाढतो. त्याबरोबर आवर्तनंही वाढतात आणि कॉइल स्वतःच विजेला जास्त विरोध करू लागते. त्यामुळे प्रवाह दोन-तीन अँपिअरच्या आसपास अडकून राहतो. मात्र बॅटरी भरल्यावरही तो थांबत नाही. असं यंत्र तासन्‌तास चालवलं आणि बॅटरी छोटी असली, तर तिच्यातलं पाणी आटतं.

आपल्याकडच्या जुन्या स्कूटर-मोटारसायकलींवर हाफवेव्हचा थोडा पुढचा प्रकार होता. कॉइलच्या विजेचा एक वाटा बॅटरीला मिळे आणि हेडलाइट एसीवरच जळे. रेस कमी केली की हेडलाइट मंद होई, तो म्हणूनच. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना कायम पेटता ठेवणं बंधनकारक झालं. २०२० मध्ये बीएस-६ प्रदूषण मानकं आल्यावर पेट्रोल दुचाकींमध्ये फ्युएल इंजेक्शन सर्रास झालं. विजेची गरज वाढली, तसे जास्त डायोडचे रेक्टिफायर वापरात आले.

चार डायोडचा चौकोन म्हणजे ब्रिज. त्यात आवर्तनाचे दोन्ही अर्धे भाग बॅटरीच्या एकाच दिशेला वळवले जातात. इथे कॉइलचं एकही टोक बॉडीला जोडलेलं नसतं, दोन्ही टोकं ब्रिजकडे जातात. बहुधा दोन्ही तारा एकाच रंगाच्या असतात, पुष्कळदा पिवळ्या. कोणत्याही क्षणी वीज दोन डायोडमधून जाते, म्हणून दाबाचा खर्च दुप्पट, जवळपास दोन व्होल्ट. दहा अँपिअरला वीस वॉट उष्णता झाली. ब्रिजला हवेशीर जागा लागते ती यासाठी.

कॉइलमधून तीन सारख्या तारा निघत असतील, तर ती थ्री-फेज रचना. तिच्यात सहा डायोड असतात आणि डीसी जास्त सलग मिळते. मोठ्या मोटारसायकलींवर ही पद्धत आढळते.

जनरेटरच्या पॅनेलवर १२ व्होल्ट डीसीचं सॉकेट असेल, तर त्यामागेही डायोडच असतात. हे सॉकेट बाहेरची बॅटरी चार्ज करण्यापुरतं असतं. त्यातला दाब काटेकोर बांधलेला नसतो, म्हणून मोबाइल किंवा राउटर त्यावर थेट लावू नये.

आरआर म्हणजे काय

दुचाकीच्या गॅरेजमध्ये ‘आरआर’ म्हणतात तो रेग्युलेटर-रेक्टिफायर. डायोड आणि दाब आवरणारं सर्किट एकाच ॲल्युमिनियमच्या डबीत असतं. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीला चालू इंजिनावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. कमी मिळाले तर ती अर्धवट भरते, सतत १५ च्या वर मिळाले तर उकळते.

बऱ्याच आरआरमध्ये बॅटरी भरली की एससीआर नावाचा भाग कॉइलची जादा वीज बॉडीकडे वळवतो. एससीआर हाही डायोडच्याच कुळातला, फक्त इशारा मिळाल्यावर उघडणारा. वळवलेली वीज उष्णता होऊन जाते, त्यामुळे हायवेवर लांब पल्ल्याच्या प्रवासात आरआर चटका बसण्याइतका तापतो आणि तो बिघाड नसतो. सिलिकॉनच्या आधी मोटारसायकलींवर सेलेनियमच्या चकत्यांचे रेक्टिफायर होते. पुढे १९६० च्या दशकातल्या ब्रिटिश मोटारसायकलींवर झेनर डायोड जादा वीज वळवण्याचं हेच काम करू लागला. जादा वीज उष्णतेत घालवायची कल्पना तेव्हापासूनची.

थोडा हिशेब

सेल्फ एकदा मारला की बॅटरीतून किती वीज जाते आणि ती भरून यायला किती वेळ लागतो? समजा सेल्फनं १०० अँपिअर घेतले आणि तो तीन सेकंद चालला. ते झाले ३०० अँपिअर-सेकंद. चार्जिंग एक अँपिअरनं होत असेल तर ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं. बॅटरी घेतलेली सगळी वीज साठवत नाही, म्हणून सात-आठ मिनिटं धरा. तीन अँपिअर मिळत असतील तर अडीच-तीन मिनिटांत काम होतं.

आता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत दोन मिनिटांची चक्कर, तिथे पुन्हा सेल्फ, परत दोन मिनिटं, असं दिवसातून चारदा झालं, तर चार्जिंग ठणठणीत असूनही बॅटरी तोट्यात जाऊ शकते. इथे डायोडचा दोष नाही. अशा गाडीला किक असेल तर दिवसाची पहिली स्टार्ट किकनं मारावी, आणि आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा तास गाडी चालवावी.

दुसरा हिशेब गळतीचा. डायोड पुरता शॉर्ट न होता थोडाच झिरपत असेल आणि इंजिन बंद असताना ५० मिलिअँपिअर वीज जात असेल, तर २४ तासांत १.२ अँपिअर-तास गेले. पाच अँपिअर-तासाची बॅटरी चार दिवसांत रिकामी. ‘गाडी रोज चालवली तर ठीक, गावाला जाऊन आलो की बंद’ या तक्रारीमागे अशी गळती असू शकते.

बिघाडाच्या तीन खुणा

डायोड ओपन झाला, म्हणजे आतून तुटला, तर वीज कोणत्याही दिशेनं जात नाही. एका डायोडच्या यंत्रात चार्जिंग पूर्ण बंद होतं. बॅटरी बाहेरच्या चार्जरनं भरून आणली की यंत्र दहा-वीस वेळा छान सुरू होतं, मग सेल्फ हळूहळू मंदावतो. नुसतं उभं राहून मात्र बॅटरी उतरत नाही.

डायोड शॉर्ट झाला, म्हणजे दोन्ही दिशांनी खुला झाला, तर इंजिन बंद होताच बॅटरी कॉइलमधून रिकामी होऊ लागते. कॉइलचा रोध ओमच्या अंशात असतो, म्हणून प्रवाह मोठा असतो. फ्यूज असेल तर तो उडतो. नसेल तर तार तापते, जळका वास येतो, कधी कॉइलही जळते. इंजिन बंद करून काही वेळानंही चार्जिंगची तार ऊन लागत असेल, तर ताबडतोब बॅटरीची मायनस तार काढा.

तिसरी खूण फसवी. ब्रिजमधला किंवा थ्री-फेज रेक्टिफायरमधला एकच डायोड ओपन होतो. चार्जिंग चालू राहतं, पण निम्मंअर्धं. दिवसा भागतं, रात्री हेडलाइट आणि हॉर्न मिळून बॅटरी खेचली जाते. मीटरवर १३ च्या आसपास आकडा दिसतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. अशा वेळी हेडलाइट लावून, रेस वाढवून पुन्हा मोजा. आकडा १३.५ कडे चढायला तयार नसेल, तर रेक्टिफायरवर संशय घ्या.

तपासणी, क्रमानं

आधी काळजी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट किंवा ठिणगी नको. हातातली अंगठी-कडं काढा. तार काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. चालू इंजिनाजवळ ओढणी, पदर, सैल बाही आवरून घ्या, आणि सायलेन्सरपासून हात लांब ठेवा. जनरेटर चालू असेल तर तो उघड्यावरच हवा. त्याच्या २३० व्होल्टच्या भागाला हात लावू नका.

पहिली पायरी, फ्यूज आणि जोड. उडालेला फ्यूज, हिरवट पडलेलं टर्मिनल, सैल कपलर यांतच बरीच प्रकरणं मिटतात. कोकणात आणि किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेनं कपलरच्या पिना लवकर गंजतात. घासून, पुसून, थोडी पेट्रोलियम जेली लावून पुन्हा बसवा.

दुसरी पायरी, विश्रांतीतला दाब. यंत्र काही तास बंद असताना बॅटरीवर मीटर लावा. १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रिकाम्या बॅटरीवर पुढची तपासणी करू नका, आधी ती चार्जरनं भरून घ्या.

तिसरी पायरी, चालू इंजिनावरचा दाब. आयडलिंगवर एक आकडा, मग रेस वाढवून दुसरा. रेसबरोबर दाब वर चढून १३.८ ते १४.५ मध्ये थांबला तर चार्जिंग ठीक आहे, दोष बॅटरीचा किंवा वापराचा. दाब जागचा हललाच नाही तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. रेग्युलेटर नसलेल्या एका डायोडच्या यंत्रात हा चढ सावकाश होतो, तिथे चार्जिंगच्या तारेत अँपिअर मोजणं चांगलं. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या सॉकेटात घाला आणि मीटर डायोडच्या पुढे, चार्जिंगच्या तारेतच जोडा. बॅटरीच्या जाड तारेत मीटर जोडून सेल्फ मारला, तर मीटरचा फ्यूज गेलाच समजा.

चौथी पायरी, कॉइल. कॉइलचा कपलर सोडवा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा, इंजिन चालू करा. दोन तारा असतील तर त्या दोघींमध्ये मोजा. एकच तार असेल तर तार आणि बॉडी यांमध्ये. रेसबरोबर आकडा झपाट्यानं वाढला पाहिजे. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत पाहावा. काहीच येत नसेल तर दोष कॉइलचा किंवा तिच्या तारेचा आहे, डायोड बदलून उपयोग नाही.

पाचवी पायरी, डायोड. इंजिन बंद, बॅटरी सोडवलेली, डायोडचं निदान एक टोक मोकळं. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल तार बिनपट्टीच्या टोकाला आणि काळी पट्टीच्या टोकाला लावली की ०.५ ते ०.७ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. तारा उलट केल्या की ‘ओएल’ किंवा नुसता १ दिसला पाहिजे. दोन्हीकडे शून्याजवळ आकडा म्हणजे शॉर्ट. दोन्हीकडे ‘ओएल’ म्हणजे ओपन. जुना काट्याचा मीटर वापरत असाल तर एक भानगड लक्षात ठेवा: ओमच्या खुणेवर अशा मीटरची काळी तार सहसा प्लस असते, म्हणून उत्तर उलटं दिसेल.

मीटर डायोडमधून अगदी थोडी वीज सोडतो, म्हणून एखादा अशक्त डायोड मीटरवर पास होतो आणि तापल्यावर दगा देतो. त्यासाठी बल्बची परीक्षा घ्या. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब आणि डायोड एकामागे एक जोडून बॅटरीवर लावा. पावणेदोन अँपिअरच्या जवळपास वीज जाईल. एका दिशेनं बल्ब पेटला, दुसऱ्या दिशेनं पूर्ण विझला, आणि पाच मिनिटांनंतरही तसंच झालं, तर डायोड चांगला.

सहावी पायरी, गळती. बॅटरी पुन्हा जोडलेली, इंजिन बंद, किल्ली बंद. चार्जिंगची तार बॅटरीच्या बाजूनं सोडवा आणि मध्ये तोच बल्ब जोडा. बल्ब पेटला तर डायोड शॉर्ट आहे. नाही पेटला, तर त्याच जागी मीटर मिलिअँपिअरवर लावा. एका डायोडच्या यंत्रात तिथे शून्यच दिसायला हवं.

आरआरच्या डबीत डायोडबरोबर एससीआर आणि इतर सर्किट असतं, त्यामुळे मीटरवरच्या आकड्यांवरून खात्रीचा निष्कर्ष निघत नाही. कॉइल ठीक, जोड ठीक, अर्थ ठीक, आणि तरी दाब चुकीचा, असं असेल तर त्याच मॉडेलचा चांगला आरआर तात्पुरता लावून पाहणं हा सरळ मार्ग.

डायोड बदलताना

डायोडच्या दोन मर्यादा पाहायच्या: किती अँपिअर वाहून नेईल आणि उलट दिशेनं किती व्होल्ट अडवेल. बाजारात सहज मिळणारा १एन४००७ हजार व्होल्ट अडवतो, पण वाहून नेतो एकच अँपिअर. तीन अँपिअरच्या यंत्रात तो काही वेळातच जाईल. १एन५४०८ तीन अँपिअरचा आहे, म्हणजे अगदी काठावर. ६ए१० सहा अँपिअर आणि हजार व्होल्टचा असतो, म्हणून तीन अँपिअरच्या चार्जिंगला तो निश्चिंत. किंमत काही रुपयांचीच, तेव्हा दोन घेऊन ठेवा.

जोड पिळून टेप गुंडाळू नका, इंजिनाच्या थरथराटात तो सुटतो. सोल्डर करा, श्रिंक स्लीव्ह चढवा, आणि डायोड सायलेन्सरपासून लांब, हवा लागेल अशा ठिकाणी बांधा. कंपनीच्या वायरिंगमध्ये फ्यूज नसेल, तर बॅटरीजवळ एक बसवून घ्या. तीन अँपिअरच्या चार्जिंगला पाच अँपिअरचा पुरतो.

चार्जिंगची तार बॅटरीला थेट जोडण्याआधी सहाव्या पायरीतली बल्बची परीक्षा पुन्हा घ्या. डायोड उलटा बसला असेल तर बॅटरीची वीज त्यातून आणि कॉइलमधून सरळ बॉडीकडे धावेल. बल्ब मध्ये असला की तो नुसता पेटून चूक दाखवतो, काही जळत नाही.

एक डायोड काढून ब्रिज लावावा का

‘एका डायोडनं निम्मीच वीज मिळते, तर चार लावून दुप्पट करू’, हा सल्ला पुष्कळ मिळतो. तो मानण्याआधी कॉइलचं एक टोक बॉडीला जोडलेलं आहे का ते पाहा. असेल, तर ब्रिज लावून चार्जिंग वाढत नाही. ब्रिजचं मायनसही बॉडीलाच जातं. त्यामुळे प्रत्येक आवर्तनाच्या उलट्या अर्ध्यात एक डायोड कॉइलची दोन्ही टोकं बॉडीतून एकमेकांना जोडून देतो. कॉइल सेकंदाला शेकडो वेळा शॉर्ट होते आणि तापते, बॅटरीला मात्र आधी मिळत होतं तेवढंच मिळतं.

कॉइलचं ते टोक बॉडीपासून सोडवून बाहेर काढलं तर ब्रिज चालतो. पण मग विजेला आवर घालायला रेग्युलेटरही लागतो, नाहीतर छोटी बॅटरी उकळते. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. जास्त विजेची गरज मुळात कशामुळे निर्माण झाली, हेही तपासा. १२ व्होल्टवर ३५ वॉटचा जादा दिवा सुमारे तीन अँपिअर घेतो, म्हणजे छोट्या हाफवेव्ह यंत्राची सगळी कमाई तो एकटाच खातो.

डायोड जळतो कशानं

बॅटरी उलटी जोडणं हे पहिलं कारण. प्लस-मायनस बदलले की डायोडची दिशा बॅटरीला खुली होते आणि क्षणात दहा-वीस अँपिअर त्यातून जातात. बॅटरी बसवणारा घाईत असेल तर त्याला थांबवून स्वतः खुणा पाहा.

दुसरं, बॅटरी काढून इंजिन चालवणं. बॅटरी कॉइलचा दाब धरून ठेवते. ती नसली की दाब कित्येक पटीनं उसळतो आणि रेग्युलेटर, बल्ब, काही गाड्यांमध्ये इंजिनाचं कंट्रोल युनिट, म्हणजे ईसीयूसुद्धा धोक्यात येतं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत तशी परवानगी नसेल, तर हा प्रयोग नको.

तिसरं, चेसिसवर वेल्डिंग. पॉवर टिलरचं किंवा वीडरचं पातं वेल्ड करायला नेलं की आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवा आणि आरआरचा कपलर काढा. वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा.

चौथं, ट्रकच्या २४ व्होल्टवरून जंप देणं. आणि पाचवं, चिखल. आरआरच्या पट्ट्यांवर चिखल वाळला की उष्णता आतच कोंडते. पावसाळा संपला की तो पुसून काढा आणि आरआरचा बॉडीला टेकणारा बोल्ट घासून घट्ट करा. त्याचा अर्थ सैल असेल तर चांगला आरआरसुद्धा चुकीचा दाब देतो.

हंगाम संपल्यावर यंत्र महिनोन्‌महिने उभं राहणार असेल, तर बॅटरीची मायनस तार काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्जरवर लावा. बॅटरी बदलायची वेळ आलीच, तर यूपीएसची सात अँपिअर-तासाची बॅटरी स्वस्त मिळते म्हणून सेल्फस्टार्टला लावू नका. ती सावकाश वीज देण्यासाठी बनवलेली असते, सेल्फचा झटका तिला पेलत नाही.

निर्णय कसा घ्यायचा

चालू इंजिनावर दाब १३.८ ते १४.५, गळती शून्य, आणि पूर्ण चार्ज केलेली बॅटरी रात्रभर वेगळी ठेवूनही सकाळी १२.४ च्या खाली आली, किंवा सेल्फ मारताच तिचा दाब ९ च्याही खाली कोसळला, तर बॅटरी खरोखर संपली आहे. बिनदिक्कत बदला. या तपासण्यांपैकी चार्जिंगची किंवा गळतीची तपासणी नापास झाली, तर आधी ती दुरुस्ती करा, मग जुनी बॅटरी बाहेरच्या चार्जरनं पूर्ण भरून पुन्हा एक संधी द्या. अर्धवट भरून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट चढलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक बॅटरी सावरेलच असं नाही. पण नवी घ्यावी लागली तरी ती चांगल्या चार्जिंगवर बसेल आणि आपलं पूर्ण आयुष्य काढेल. नवी बॅटरी बसवल्या दिवशी विश्रांतीतला आणि चालू इंजिनावरचा दाब मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह बॅटरीवरच मार्करनं लिहा. पुढची तक्रार आली की तुलना करायला हे आकडे हाताशी असतील.